पेरूच्या जेलीचा पाकच राहिलाय, काय चुकलं? आणि चवीला कुठलं फळ सरस?

टोस्टप्रेमी: पूर्ण पिकलेले पेरू १ किलो, गाळून रस ३ कप, साखर ३ कप. अर्धा तास उकळूनही जेली धरत नाही. लिंबू घातलं नव्हतं. शिवाय स्ट्रॉबेरी आणि मिक्स्ड फ्रूटचा कंटाळा आलाय. तुमची पसंती कशाला?

आंबटढाण: पिकलेले पेरू, तिथेच घोटाळा. फळ पिकत जातं तसं पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट करणारा फळातला घटक, तुटत जातं. तीन वाटे अर्धकच्चे घ्या, एक वाटा पिकलेले, तो वासापुरता. फोडी जेमतेम बुडतील इतक्या पाण्यात २५-३० मिनिटं मंद शिजवा, मग फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवा. फडकं पिळू नका. पिळलं की गर उतरतो आणि जेली गढूळ होते. कपभर रसाला पाऊण कप साखर आणि चहाचा एक चमचा लिंबाचा रस. पेरूत पेक्टिन भरपूर असलं तरी आंबटपणा कमी, त्यामुळे लिंबाशिवाय ती धरत नाही. पण लिंबू सढळ हातानं घातलंत तर दोन दिवसांनी जेलीला पाणी सुटेल.

कवठीचाफा: माझं मत कवठाला. महाशिवरात्रीच्या सुमारास बाजारात येतं. आंबटपणा अंगचाच, लिंबाची गरज नाही. कपभर रसाला कपभर साखर. रंग गडद तांबूस येतो आणि मागे किंचित तुरट चव रेंगाळते. स्ट्रॉबेरीला ती मजा नाही.

जाळीतली_मैना: कवठ ठीक, पण करवंदापुढे नाही! मे महिन्यातली, निम्मी लाल-कच्ची घ्या. चीक असतो, दोन-तीन पाण्यांतून धुवा. स्टीलचं पातेलं वापरा. आंबट रस ॲल्युमिनियमला लागतो.

जेली झाली की नाही हे घड्याळावर ठरवू नका. चमचा आडवा धरा: थेंब सुटे पडत असतील तर कच्ची, दोन थेंब एकत्र येऊन पापुद्र्यासारखे सुटले की गॅस बंद. थर्मामीटर असेल तर पाणी उकळतं त्याच्या वर साडेचार-पाच अंश. मुंबईत साधारण १०५, पण महाबळेश्वरच्या उंचीवर पाणीच ९६च्या आसपास उकळतं, तिथे १०५ गाठायला गेलात तर चिक्की होईल.

आंबटढाण: स्ट्रॉबेरीला नावं ठेवू नका हो, तिचा जॅम करावा, जेली नाही. पेक्टिन कमी असतं, म्हणून किलोमागे कपभर पेरूचा रस घाला. रंग तिचा, घट्टपणा पेरूचा.

टोस्टप्रेमी: झालेल्या पाकाचं काय करू?

जाळीतली_मैना: नुसता आटवू नका, साखर करपट लागेल. अर्धकच्च्या पेरूंचा ताजा रस १ कप आणि लिंबाचा रस ३ चमचे घालून मोठ्या आचेवर उकळा, पाचव्या मिनिटापासून चमचा बघत राहा. एका वेळी निम्माच पाक घ्या, लिंबू-पेरूही त्याच मापात. तरी नाही धरला तर सोड्यात घालून प्या.