जुन्या पोलीस मालिकांचा वास्तववाद: किती खरा, किती मंजूर करून घेतलेला?

निशाचर

आजच्या बहुतेक पोलीस मालिकांमधले पोलीस सतत धावपळ करत असतात, पण नोकरी करताना ते क्वचितच दिसतात, असे माझे मत झाले आहे. काचेच्या भिंतींवर नकाशे उमटतात, एखादा तरुण तज्ज्ञ दोन-चार कळा दाबून संशयिताचा ठावठिकाणा काढतो आणि उरलेला सगळा वेळ तपास अधिकाऱ्याच्या घरातल्या शोकांतिकेवर खर्च होतो. याउलट 1951 मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर सुरू झालेली ‘ड्रॅगनेट’ पाहा. सार्जंट जो फ्रायडे वार, हवामान आणि आपली पाळी कोणत्या विभागात आहे हे सपाट आवाजात सांगतो, मग दारोदार जाऊन तेच ते प्रश्न विचारतो, आणि ज्यांना विचारतो त्यांच्यापैकी अनेकांना काहीच सांगता येत नाही.

‘बार्नी मिलर’ (1975 ते 1982) तर विनोदी मालिका होती आणि जवळजवळ सगळी एकाच पोलीस ठाण्याच्या खोलीत घडत असे. तरीही टंकलेखन यंत्रावर लिहिले जाणारे अहवाल, अपुरा निधी आणि चक्रम तक्रारदार यांतून तिने या पेशाचा कंटाळा जसा पकडला, तसा कोणत्याही थरारपटाने पकडलेला नाही. शिकागोच्या पोलीस दलात दीर्घकाळ नोकरी करून अभिनयाकडे वळलेले डेनिस फारिना यांनीही या मालिकेला सर्वांत वास्तवदर्शी ठरवले होते. पुढे 1981 मध्ये ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ आली आणि सकाळच्या हजेरीपासून सुरू होणारा, एकाच वेळी पाच-सहा प्रकरणे अर्धवट लोंबकळत ठेवणारा दिवस प्रथमच पडद्यावर दिसला. तंत्र कितीही सुधारले असले, तरी कामाविषयीचा हा प्रामाणिकपणा आपण गमावला आहे.

कासवचाल

आपण वर्णन केलेले सगळे तपशील बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र मान्य नाही. ‘ड्रॅगनेट’च्या पटकथा लॉस एंजेलिस पोलीस दलाकडून तपासून घेतल्या जात होत्या, त्या बदल्यात मालिकेचे निर्माते आणि फ्रायडेची भूमिका करणारे जॅक वेब यांना खऱ्या प्रकरणांच्या फायली, गाड्या, बिल्ले आणि सल्लागार मिळत होते. विल्यम पार्कर हे 1950 ते 1966 या काळात त्या दलाचे प्रमुख होते आणि आपले दल शिस्तबद्ध, निर्विकार व सचोटीचे आहे, ही प्रतिमा लोकांपुढे जावी यासाठी ते जाणीवपूर्वक झटत होते. त्याच दलाच्या वागणुकीविषयी कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये साचलेला राग 1965 मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातील दंगलीत उसळला. त्यानंतर दोनच वर्षांनी ‘ड्रॅगनेट’ रंगीत होऊन परतली, तेव्हाही फ्रायडे पूर्वीइतकाच नि:शंक होता. शंका घेणाऱ्यांसाठी आता त्याच्याकडे लांबलचक भाषणे होती, एवढाच फरक.

माझा आक्षेप असा आहे की इथे तपशिलाचा खरेपणाच फसवणुकीचे साधन झाला. बिल्ला खरा, कार्यालय हुबेहूब, बोलण्यातले सांकेतिक आकडे खरे. मग या दलात कोणी संशयिताला मारहाण करत नाही, हेही प्रेक्षकाने आपोआप खरे मानले. उघडउघड काल्पनिक असलेल्या मालिकेला एवढा विश्वास मिळाला नसता.

सनावळी

कासवचाल यांचा मुद्दा एका मालिकेपुरता पटतो, पण तो सगळ्या जुन्या मालिकांवर लादता येणार नाही. ब्रिटनमधील दोन मालिका शेजारी ठेवून पाहाव्यात. ‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’ 1955 ते 1976 अशी एकवीस वर्षे चालली. तिचा नायक प्रेक्षकांना नमस्कार करून गोष्ट सुरू करी, शेवटी दोन शब्द उपदेशाचे सांगे, आणि ती भूमिका करणारे जॅक वॉर्नर मालिका संपली तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. (एवढ्या वयाचा पोलीस सेवेत कसा, हा प्रश्न वास्तववादाच्या चाहत्यांनी आपसांत सोडवावा.)

‘झेड कार्स’ 1962 मध्ये बीबीसीवर आली, ती नेमकी या सौजन्याला उत्तर म्हणून. तिच्यातले पोलीस गस्तीच्या गाडीतून फिरत, चिडत, जुगार खेळत. पहिल्याच भागात एका शिपायाच्या बायकोचा डोळा सुजलेला होता आणि तो नवऱ्याच्या हाताने सुजलेला होता. ज्यांच्या सहकार्याने ती मालिका उभी राहिली, त्या लँकेशायर पोलिसांच्या प्रमुखांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. म्हणजे साठच्या दशकातसुद्धा पोलिसांच्या मदतीने काम सुरू करून त्यांना न आवडणारे चित्र दाखवणे शक्य होते. ते वेब यांना जमले नाही, की त्यांना ते करायचेच नव्हते, हा वेगळा प्रश्न आहे.

पिंपळपान

एक व्यावहारिक कारण कोणी मांडलेले दिसत नाही. जुन्या अमेरिकन मालिकेला वर्षाला वीस-बावीस किंवा त्याहूनही अधिक भाग मिळत; आता आठ-दहा मिळतात आणि त्या सगळ्यांत मिळून एकच मोठे प्रकरण ओढायचे असते. वाया गेलेला दिवस दाखवण्याची चैन आता लेखकाला परवडत नाही. यात प्रामाणिकपणाचा संबंध कुठे येतो?

निशाचर

पिंपळपान यांचा मुद्दा मला मान्य आहे, मात्र त्याने माझे म्हणणे खोडले न जाता बळकटच होते. कारण काहीही असो, वाया गेलेला दिवस पडद्यावरून नाहीसा झाला आहे.

कासवचाल यांना एवढेच विचारावेसे वाटते की, संस्थेचे चित्र एकांगी असले म्हणून कामाचे चित्रही खोटे ठरते का? फ्रायडे जे दारोदार फिरतो, ते काम त्या काळातले गुन्हे अन्वेषक करतच होते. ‘जुन्या मालिकांत प्रत्येक गुन्हा उघडकीला येतो, म्हणून त्या भाबड्या’ असेही अनेकदा म्हटले जाते. वस्तुत: एफबीआयच्या आकडेवारीनुसार 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील सुमारे 90 टक्के खुनांची उकल झाल्याची नोंद होत असे, अलीकडच्या वर्षांत ते प्रमाण 50 ते 60 टक्क्यांच्या आसपास आहे. तेव्हा निदान खुनाच्या बाबतीत तरी जुन्या मालिका आपल्या काळाशी इमान राखून होत्या, आणि अतिशयोक्तीचा आरोप करायचाच असेल तर तो आजच्या मालिकांवर करावा लागेल.

कासवचाल

हा आकडा आपण मांडलात ते बरे झाले, कारण तोच माझ्या बाजूने बोलतो. त्या नोंदीत ‘उकल’ म्हणजे सामान्यत: कोणाला तरी अटक करून, आरोप ठेवून खटल्यासाठी सोपवणे; खरा गुन्हेगार सापडला, असा तिचा अर्थ नव्हे. शिवाय तो काळ कोणता होता? वकील परवडत नसलेल्या आरोपीला राज्यांच्या न्यायालयांतील गंभीर खटल्यांत सरकारने वकील दिलाच पाहिजे, हा गिडिअन खटल्याचा निकाल 1963 चा. कोठडीत चौकशी करण्यापूर्वी संशयिताला गप्प राहण्याचा आणि वकील मिळण्याचा हक्क समजावून सांगितलाच पाहिजे, हा मिरांडा खटल्याचा निकाल 1966 चा. त्याआधीच्या 90 टक्क्यांत किती कबुलीजबाब दटावून घेतलेले होते, हे त्या रकान्यात लिहिलेले नसते. ‘ड्रॅगनेट’च्या शेवटी आरोपी कॅमेऱ्यासमोर उभा राही आणि त्याला झालेली शिक्षा वाचून दाखवली जाई, निर्दोष सुटलेला माणूस त्या जागी सहसा उभा राहिला नाही. तेव्हा आपल्या काळाशी म्हणण्यापेक्षा आपल्या काळातल्या सरकारी नोंदवहीशी ती मालिका इमान राखून होती, असे म्हणावे.

सनावळी

नोंदवहीचाच विषय निघाला आहे, तर ‘होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट’ (1993 ते 1999) विसरून चालणार नाही. डेव्हिड सायमन यांच्या 1991 च्या वृत्तान्तपर पुस्तकावर आधारलेल्या या मालिकेत बाल्टिमोरच्या खून-तपास पथकाच्या भिंतीवर एक फळा असे. न उकललेल्या प्रकरणातील मृताचे नाव लाल अक्षरांत आणि उकललेल्यातील काळ्या अक्षरांत. पथकातल्या नवख्या अधिकाऱ्याच्या, बेलिसच्या वाट्याला पहिलेच प्रकरण एका लहान मुलीच्या खुनाचे येते. ते अखेरपर्यंत सुटत नाही, कारण ज्या खऱ्या प्रकरणावरून ते घेतले होते, तेही सुटलेले नव्हते. आरोपीला बोलते करण्यासाठी तपास अधिकारी त्याला कसे गुंडाळतात आणि हक्क समजावून सांगण्याची औपचारिकता कशी झटपट उरकतात, हेही तिथे लपवलेले नाही.

निशाचर यांना हवे असलेले काम आणि कासवचाल यांना हवी असलेली शंका, ही दोन्ही त्या मालिकेत एकत्र आहेत. तिला जुनी म्हणायचे की नवी, हे मात्र आपण दोघांनी ठरवावे.

कासवचाल

माझ्या लेखी ती जुनी नव्हे. तिचा मूळ लेखक वर्षभर पथकासोबत राहिलेला वार्ताहर होता, आणि ‘ड्रॅगनेट’ने वार्ताहराला जवळपास कधी फिरकू दिले असते, असे मला वाटत नाही.

निशाचर

आणि माझ्या लेखी ती जुनीच. टंकलेखन यंत्र आहे, फळा आहे, आणि लाल अक्षरांतले नाव शेवटपर्यंत लालच राहते.