मदत हवी आहे: नगरपरिषदेच्या सभेचं इतिवृत्त (कामकाजाची लेखी नोंद) कसं मिळवायचं?

नमस्कार मंडळी, आमच्या गल्लीतल्या गटाराचं काम सर्वसाधारण सभेत मंजूर झालंय असं नगरसेवक दोन वर्षं सांगतायत. बांधकाम विभागात विचारलं तर म्हणतात असा ठरावच आमच्याकडे आलेला नाही, आणि सभा विभागातला क्लार्क म्हणतो इतिवृत्त अजून कायम (म्हणजे सभेत मंजूर) व्हायचंय, पुढच्या सभेनंतर या. ती पुढची सभा होऊन पण गेली हो!

मला फक्त त्या ठरावाची प्रत पाहिजे, ठराव क्रमांक आणि तारखेसकट, म्हणजे कोण खरं बोलतंय ते तरी कळेल. साधा अर्ज देऊन आलोय, पोच घेतलीय (शिक्का मारायला पण अर्धा तास लावला). आता माहिती अधिकारात टाकायचा विचार आहे, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं एवढं माहितीय. पण अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो ना, मग ठराव, अंदाजपत्रक आणि कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश) तिन्ही एकाच अर्जात मागितले तर चालतं का वेगवेगळे करू?

आणि सभेची नक्की तारीख माहीत नसेल तर काय लिहायचं? "अमुक ते अमुक महिन्यातल्या सगळ्या सभा" असं लिहिलं तर माहिती मोघम म्हणून फेटाळतील अशी भीती वाटते. त्यापेक्षा आधी थेट रजिस्टर बघायला मागावं का? कोणी असं इतिवृत्त काढलं असेल तर अर्जातली वाक्यं जशीच्या तशी टाका प्लीज.