मार्कच्या शुभवर्तमानातल्या 'कुष्ठरोग्या'ला नेमकं काय झालं होतं?

पाटीपेन्सिल

बायबलातलं मार्ककृत शुभवर्तमान, पहिला अध्याय, वचनं ४० ते ४५. एक कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो आणि म्हणतो, तुमची इच्छा असेल तर तुम्ही मला शुद्ध करू शकता. येशू हात पुढे करून त्याला शिवतो, 'शुद्ध हो' म्हणतो, आणि रोग जातो. मग त्याला बजावून सांगतो: कुणाकडे बोलू नकोस, जाऊन याजकाला, म्हणजे पुरोहिताला, दाखव आणि मोशेने नेमून दिलेलं अर्पण कर.

यावरची भांडणं ठरलेल्या वाटेने जातात. बोटं झडलेला माणूस क्षणात बरा कसा झाला, असं एक बाजू विचारते. देवाला काय अशक्य, असं दुसरी म्हणते. माझा मुद्दा निराळा आहे. या गोष्टीत झडलेली बोटं कुठेच नाहीत. ती आपण आणून बसवली.

मूळ हिब्रू शब्द 'त्सराअत'. लेवीय या मोशेच्या नियमांच्या पुस्तकात, १३व्या अध्यायात त्याची लक्षणं दिली आहेत: सूज, खवंद, पांढरा चट्टा, त्यावरचे केस पांढरे पडणं. बधिरपणा नाही, नाक बसणं नाही, बोटं वाकणं नाही. याजकाने सात दिवस माणसाला वेगळं ठेवायचं, पुन्हा बघायचं, चट्टा पसरला नसेल तर आणखी सात दिवस. आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो तो चौदा दिवसांत जागचा हलत नाही. त्यातच एक विचित्र नियम आहे: चट्टा डोक्यापासून पायापर्यंत पसरून सगळं अंग पांढरं झालं, तर तो माणूस शुद्ध!

हेच त्सराअत पुढे कापडाला होतं, चामड्याला होतं, आणि १४व्या अध्यायात घराच्या भिंतीलाही होतं. हिरवट, तांबूस डाग, भिंतीत खोल गेलेले. कोकणात श्रावणात ज्याने घराच्या मागच्या भिंतीकडे पाहिलंय त्याला हे काय ते सांगायला नको.

मग गोंधळ कुठे झाला? इ.स.पूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत या ग्रंथांचं ग्रीक भाषांतर झालं, त्यात त्सराअतसाठी 'लेप्रा' शब्द घेतला. लेपिस म्हणजे खवला. ग्रीक वैद्यांचा लेप्रा हा खवल्यांचा त्वचारोग. आपल्या अर्थाच्या कुष्ठरोगाला ते 'एलेफँटिअसिस' म्हणत, आणि रोमन लेखक प्लिनी लिहितो की सेनानी पाँपीच्या काळाआधी तो इटलीत माहीतच नव्हता. मध्ययुगात अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आले तेव्हा दोन्ही नावं एकमेकांवर चढली. १८७३ साली नॉर्वेत हान्सेन या डॉक्टरला कुष्ठरोगाचा जंतू दिसला, तोवर येशूचा रोगी आणि हान्सेनचा रोगी एकच होऊन बसले होते.

(अवांतर: आपल्याकडेही तेच. आयुर्वेदात कुष्ठं १८, त्यांपैकी सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं. त्यात नायट्यासारखे प्रकारही येतात. त्या जुन्या अर्थाने मराठी बायबलातला 'कुष्ठरोगी' चुकीचा नाही. चुकतो तो आजचा वाचणारा.)

तेव्हा चमत्कार खरा की खोटा, हे वैद्यक सांगत नाही. तो रोग काय नव्हता, एवढंच सांगतं. माझ्या मते गोष्टीचा जीव त्या स्पर्शात आहे. फाटके कपडे, मोकळे केस, वरचा ओठ झाकून 'अशुद्ध, अशुद्ध' ओरडत वस्तीबाहेर राहायचं असा ज्याला नियम, त्याला कुणीतरी शिवलं.

कोरडाठाक

लेख चांगला, शेवट पळपुटा. आधी रोग हलका करून घेतला, मग चमत्काराचं 'स्पर्शात' विसर्जन केलं. मार्क 'लगेच' लिहितो. सोरायसिससारखा खवल्यांचा त्वचारोगही लगेच जात नाही.

आणि हीच गोष्ट एवढी जपून का वाचायची? रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की अलेक्झांड्रियात रोमन बादशहा व्हेस्पेशनने एका आंधळ्याच्या डोळ्यांना थुंकी लावली आणि त्याला दिसू लागलं. बादशहाने आधी वैद्यांचं मतही घेतलं होतं. ग्रीसमध्ये एपिडॉरसला अस्क्लेपिअस या वैद्यदेवाच्या देवळात बरं झालेल्यांच्या हकिकती शिळांवर कोरल्या आहेत. व्हेस्पेशनचा आंधळा खरंच आंधळा होता का, यावर कुणी रात्र जागवत नाही. राजकीय प्रचार म्हणून मोकळे होतो. इथेही तेच म्हणा.

बावखल

मी वसईची, कॅथलिक. हे वाचन तीन वर्षांतून एकदा रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, येतं, आणि त्याआधीचं पहिलं वाचन लेवीयमधलं असतं, तेच 'अशुद्ध, अशुद्ध'. म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून ऐकायची पद्धत आमच्याकडे आहेच, पाटीपेन्सिल यांनी शोध लावलेला नाही :)

माझा आक्षेप असा. 'शिवलं' हेच सगळं असतं तर तो माणूस 'मला शिवा' म्हणाला असता. तो म्हणाला, तुमची इच्छा असेल तर. प्रश्न सत्तेचा आहे. आणि याजकाकडे पाठवणं ही तर तपासणी. अंगावर चट्टे तसेच असते तर याजकाने त्याला परत बाहेर घालवलं असतं. तुम्ही खवले म्हणा नाहीतर जंतू, गोष्ट सांगणाऱ्याच्या लेखी ते अंग बदललेलं आहे.

गजकर्ण_भाग_दोन

त्वचारोगतज्ज्ञ आहे, म्हणून राहवत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या याजकाच्या वहीवरून निदान करू नका. सोरायसिस, कोड, नायटा, सगळ्यांना अर्धी-अर्धी लक्षणं लागू होतात, पूर्ण कुणालाच नाहीत. केस पांढरे होणं कोडात दिसतं, पण कोडाला खवले नसतात. ती निदानाची यादी नाहीच, आत कोण आणि बाहेर कोण याची आहे. तेवढ्यापुरता धागाकर्त्यांशी सहमत.

कोरडाठाक, 'लगेच'बद्दल: आजच्या कुष्ठरोगावर १९८१पासून बहुविध औषधोपचार आहे. पहिल्या काही मात्रांतच संसर्गाचा धोका जवळजवळ संपतो, पण बधिर झालेला हात बधिरच राहू शकतो. रुग्णाला मी 'तू आता कुणाला रोग देणार नाहीस' हे त्याच दिवशी सांगू शकतो. घरचे त्याचं ताट पुन्हा आपल्यात कधी मांडतात, ते माझ्या हातात नसतं.

ताम्रपट

दोन दुरुस्त्या.

एक, 'कुष्ठरोग तिथे नव्हता' असा समज होऊ नये. जेरुसलेमजवळ हिन्नोमच्या खोऱ्यात पहिल्या शतकातली एक थडगी सापडली. तिच्यातल्या कफनात गुंडाळलेल्या माणसाच्या अवशेषांत कुष्ठरोगाच्या जंतूचा डीएनए मिळाला, क्षयाचाही. २००९ साली ते प्रसिद्ध झालं. त्या काळी वर्षभराने हाडं गोळा करून दगडी पेटीत ठेवत. याची ठेवली नाहीत, त्याचा कोनाडा गिलावा करून बंद केला होता. म्हणजे रोग होता. पण माणूस कुटुंबाच्याच थडगीत होता, वस्तीबाहेर फेकलेला नव्हता!

दोन, 'क्रूर यहुदी नियम आणि कनवाळू येशू' हे जुनं ख्रिस्ती चित्र नकळत लेखात आलंय. येशू नियम मोडून टाका म्हणत नाही, मोशेचं अर्पण कर म्हणतो. त्यातला एक पक्षी मारायचा आणि दुसरा रानात सोडून द्यायचा. परत घेण्याची वाट त्याच लेवीयमध्ये आहे. आणि नामान हा सिरियाचा सेनापती त्सराअत असूनही राजाच्या पदरी होताच.

पाटीपेन्सिल

ताम्रपट, दुसरा मुद्दा बिनशर्त मान्य. शेवटचा परिच्छेद मी तोऱ्यात लिहिला.

कोरडाठाक, प्रचारकथा एवढं म्हणून मला सुटता येत नाही, कारण मार्कमध्ये नको तेही सापडतं. कोडेक्स बेझे या जुन्या हस्तलिखितात येशू 'कळवळून' हात पुढे करत नाही, 'रागावून' करतो. प्रचार करणारा देवाला रोग्यावर रागावलेला का दाखवेल? बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की रागाचा कुणीतरी कळवळा केला असेल. कळवळ्याचा राग करण्याचं कारण सुचत नाही.

कोरडाठाक

गैरसोयीचं वाक्य जुनं असेल. तेवढ्याने घडलेलं ठरत नाही.

बावखल

रागाचं माहीत नव्हतं. कुणावर रागावला असेल? मला तर तो त्या आजारावरचाच वाटतो. असो. धागाकर्ते, तक्रार करणं सोपं आहे. 'कुष्ठरोगी' काढला तर मिस्सेत वाचायचं काय?

पाटीपेन्सिल

'अंगावर कोड उठलेला माणूस'? जुना शब्द आहे, आणि रोगाचं नाव पक्कं होत नाही.

सहज_आलेली

कोड नको हो. इतके दिवस फक्त वाचत होते. माझ्या मावशीच्या हनुवटीवर रुपयाएवढा डाग होता, त्याला चार माणसं 'श्वेतकुष्ठ' म्हणाली आणि ठरलेलं लग्न मोडलं. डॉक्टर म्हणत होते की हा संसर्ग नाही, काही नाही. तुमच्या त्या याजकाने निदान सात दिवस थांबून पुन्हा बघितलं तरी असतं.