मदत हवी आहे: माहेरच्या बाळंतपणाने लेकीचं राष्ट्राध्यक्षपद हुकलं का?

नमस्कार मंडळी. हसू नका, दोन दिवस यावरून घरात जेवणं गार होतायत.

आम्ही न्यू जर्सीत असतो. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी नाशिकला गेले आणि लेक तिथे झाली. तेव्हा मी अमेरिकन नागरिक, नवरा ग्रीन कार्डवर. मुंबईच्या वकिलातीत माझ्या अमेरिकेतल्या 5 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा म्हणून कॉलेजच्या मार्कशीटपासून टॅक्सच्या कागदांपर्यंत सगळी फाईल मांडली, तेव्हा तिचा जन्मनोंदीचा दाखला मिळाला. म्हणजे शपथबिपथ नाही, पोरगी जन्मापासूनच नागरिक.

परवा चौथीच्या वर्गात तिने ‘मी राष्ट्राध्यक्ष होणार’ असं लिहिलं. बाई म्हणाल्या, तुझा जन्म भारतातला, तुला नाही होता येणार. रडत घरी आली. सासूबाई लगेच, "तरी मी म्हणत होते, इथेच करा!"

घटनेत 35 वर्षं वय, 14 वर्षं वास्तव्य आणि ‘नॅचरल बॉर्न सिटिझन’ एवढंच आहे. त्या शब्दांची व्याख्या कुठेच नाही. मी राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरलेल्या सिनेटर टेड क्रूझचं उदाहरण दिलं: जन्म कॅलगरीचा, आई अमेरिकन, वडील क्यूबाचे. पण दीर म्हणतो, 1790 च्या कायद्यात परदेशात झालेल्या मुलांना ‘नॅचरल बॉर्न’ म्हटलं होतं, 1795 मध्ये नेमके तेच शब्द गाळले. इथे माझी बोलती बंद. काय उत्तर देऊ?

प्रतिसाद: दिरांना विचारा, 1790 च्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, कोण बसलं होतं? घटना लिहिणाऱ्यांपैकीच बरेचजण. त्यांच्या डोक्यात काय होतं ते त्यावरून दिसतं. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन पनामा कालव्याच्या क्षेत्रात जन्मलेले; त्यांना पात्र म्हणणारा ठराव सिनेटने 2008 मध्ये केला, पण त्यांचे आईवडील दोघेही नागरिक होते आणि ठराव म्हणजे कायदा नव्हे. तुमच्या कामाचा क्रूझच. 2016 मध्ये त्याच्या उमेदवारीला हरकत घेतली गेली. पेनसिल्व्हेनियाच्या कोर्टाने आणि तुमच्याच न्यू जर्सीतल्या प्रशासकीय न्यायाधीशांनी त्याला पात्र ठरवलं. सुप्रीम कोर्टाने मात्र हा प्रश्न अजून सोडवलेला नाही, तेव्हा बाईंशी भांडताना जरा जपून.

प्रतिसाद: अवांतर: भारतात राष्ट्रपती व्हायला नुसतं नागरिकत्व पुरतं, जन्माची अट नाही. तरी 1999 मध्ये सोनियांच्या परदेशी जन्मावरून पवारांना काँग्रेसमधून काढलंच ना!

धागाकर्ती: न्यू जर्सीचं माहीतच नव्हतं, आभार. निकाल छापून फ्रिजवर लावलाय. सासूबाईंनी चष्मा मागितलाय.