मदत हवी आहे: आई-बाबांना दहा तास लाउंजमध्ये बसू देतील का?

कर्लीकाठ
आई-बाबा येत्या गुरुवारी ताईकडे निघतायत. मध्ये विमान बदलायला विमानतळावर जवळजवळ दहा तास थांबायचं आहे, तेही रात्रीचं. तिकीट बिझनेस क्लासचं आहे, म्हणजे लाउंज मिळणार. पण रात्रभर बसू देतात का? आडवं व्हायला जागा असते का? शोधून शोधून डोकं उठलं. एक जण लिहितो तीन तास, दुसरा लिहितो कितीही. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा, प्लीज. दिवस कमी आहेत.

कलमवाला_देवगड
मध्ये म्हणजे कुठे? एअरलाइन कुठली? ताई कुठे असते? तिकीट एकच आहे की दोन वेगळी? यातलं काहीच माहीत नसताना कोण काय सांगणार?

निवांत_गुहागर
लाउंजला बिझनेसचं तिकीट लागतंच असं नाही. माझ्याकडे रुपे कार्ड आहे. मुंबई विमानतळाच्या टी टूला (टर्मिनल दोनला) दोन रुपये स्वाइप केले आणि आत. इडली, उपमा, कॉफी, सगळं पोटभर. आई-बाबांना एकेक कार्ड काढून द्या. बँकेत ओळख असेल तर आठवड्यात होऊन जाईल.

कर्लीकाठ
दोहा. कतार एअरवेज. ताई ह्यूस्टनला. पीएनआर एकच. कार्डाबद्दल मी विचारलेलं नाही.

आजगावचो_झिलगो
आवशी-बापाशीक येकटीच धाडतंस? तू वांगडा कित्याक जात नाय? माझी आवस गेलेली तेव्हा ती पोचल्याचो फोन येईसर माका झोप लागूक नाय.

कर्लीकाठ
व्हिसा त्यांचाच झालाय, माझा नाही. ताईचे दिवस भरत आलेत म्हणून आई जातेच आहे. ते ठरलंय. फक्त लाउंजचं सांगा.

बाणकोटी
भावा, दोहात अकरा वर्षं नोकरी केली, आणि आता मुलगा डॅलसला असतो म्हणून याच वाटेने दोनदा गेलो. सांगतो, पण आधी तीन गोष्टी कळू देत. मुंबई-दोहा आणि दोहा-ह्यूस्टन, दोन्ही टप्पे बिझनेसचे आहेत का? तिकीट पैशाने काढलंय की जमवलेल्या पॉइंटवर? पैशाने असेल तर त्यावर 'लाइट' असा शब्द आहे का बघ. कतारच्या बिझनेस लाइट भाड्यात लाउंज नसतं. सीट तीच, जेवण तेच, लाउंज मात्र वेगळे पैसे भरून. भल्याभल्यांची तिथे दारात फजिती होते. आणि बाबांचं वय काय, चालणं कसं?

निवांत_गुहागर
म्हणूनच म्हणतो, कार्ड असलेलं बरं. दारात कुणी अडवलं की दुसऱ्या लाउंजमध्ये जायचं.

बाणकोटी
दोन रुपयांचं कार्ड दोहात चालेल हे कुणी सांगितलं? परदेशात कुठलं कार्ड चालतं, वर्षाला किती वेळा, ते सगळं वेगळं असतं. प्रायॉरिटी पासवर (काही क्रेडिट कार्डांबरोबर मिळणारा लाउंजचा पास) तिथे अल महा लाउंज मिळतं हे खरं. पण कार्डाच्या लाउंजना वेळेचं बंधन असतं. 'तीन तास' असं जे लोक लिहितात ते बहुतेक अशा कार्डाच्या लाउंजबद्दल असतं. धागाकर्त्याने वाचलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त लाउंज वेगवेगळी आहेत.

कर्लीकाठ
ताईला फोन करून विचारलं. भावोजींनी पॉइंटवर काढलंय. आणि मुंबई-दोहा इकॉनॉमी आहे, पुढचं सोळा तासांचं बिझनेस. मला वाटलं होतं सगळंच बिझनेस. आता लाउंज जाणार का? बाबा ७१, आई ६६. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालंय. पोचणार रात्री १०.१० ला, पुढचं विमान सकाळी ८ ला.

बाणकोटी
जाणार नाही. घाबरू नकोस. लाउंजच्या दारात पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास बघतात. तो बिझनेसचा आहे, म्हणजे अल मुर्जान, त्यांचं स्वतःचं बिझनेस लाउंज. मुंबईत मात्र लाउंज नाही, तिथे त्यांचं तिकीट इकॉनॉमीचंच. त्यामुळे मुंबईत काउंटरवर दोन्ही बोर्डिंग पास हातात घ्यायला सांग. सामानाच्या टॅगवर ह्यूस्टन लिहिलंय का तेही बघायला सांग.

मी त्या लाउंजमध्ये नऊ तास बसलोय. कुणी 'उठा' म्हटलं नाही. आंघोळीला शॉवर आहेत, टॉवेल तेच देतात. क्वाएट रूम आहेत, तिथे आडवं होता येतं, पण रात्री त्या लवकर भरतात. म्हणून आत शिरल्या शिरल्या जेवणाकडे वळायचं नाही, आधी काउंटरवर जाऊन क्वाएट रूमचं विचारायचं. नाही मिळाली तर सोफ्यावर पाय पसरून निभतं. एसी जबरदस्त असतो, आईची शाल हातातल्या पिशवीत ठेव.

सागरवेळा_हर्णै
ओरिक्स हॉटेल का नाही घेत? विमानतळाच्या आतच आहे, इमिग्रेशन करून बाहेर पडावं लागत नाही. खोली, पलंग, दार लावून झोपायचं. ७१ वर्षांच्या माणसाला सोफ्यावर कशाला झोपवायचं?

निवांत_गुहागर
फुकट लाउंज मिळत असताना हॉटेलला पैसे?

सागरवेळा_हर्णै
पुढे सोळा तास बसायचंय त्या गुडघ्याने. पैशाचा हिशेब इथे करू नये.

बाणकोटी
पुढचे सोळा तास बसायचे नाहीत, बिझनेसची सीट पूर्ण आडवी होते. हॉटेल चांगलंच आहे, नाही म्हणत नाही. पण दार लावून दोघं झोपली आणि जाग आली नाही तर? लाउंजमध्ये निदान आजूबाजूला माणसं असतात.

मिऱ्याबंदर
जाग येण्याचंच बोला सगळे, बाकी सगळं नंतर. माझ्या सासूबाई एका मोठ्या विमानतळावर (नाव घेत नाही) लाउंजमध्ये बसल्या होत्या. आपल्या एसटी स्टँडवर ओरडून सांगतात तसं सांगतील, या भरवशावर. बऱ्याच लाउंजमध्ये घोषणा होतच नाहीत, फक्त पडद्यावर गेट नंबर येतो. सासूबाईंना इंग्रजी वाचता येतं, पण चष्मा पर्समध्ये होता आणि डोळा लागला. विमान गेलं. नंतर अठरा तास त्या तिथे, आणि आम्ही इथे रत्नागिरीत रात्रभर फोन धरून बसलेलो. त्यांनी फोनवर पहिलं वाक्य म्हटलं, 'कुणी हाक मारलीच नाही गं.' अजून आठवलं की पोटात कालवतं.

कर्लीकाठ
हेच. हीच भीती आहे. लाउंज मिळेल की नाही यापेक्षा हेच मनात होतं, मलाच नीट विचारता आलं नाही. बाबा साडेनऊला झोपणारे. आई जागी राहते म्हणते, पण तिलाही झोपेची गोळी आहे.

मिऱ्याबंदर
त्या रात्री गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारा, स्वतः ठरवू नका. आणि बाबा हातात घड्याळ घालतात का?

कर्लीकाठ
घालतात. एचएमटीचं, चावीचं. १९८४ पासून तेच. का?

मिऱ्याबंदर
मग ते घड्याळ बदलायचं नाही. दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. मोबाइलची वेळ तिथे उतरल्यावर आपोआप बदलेल किंवा नाही बदलणार, सिमकार्ड आणि वायफायवर आहे सगळं. आपण भारतात लावलेला गजर मग कुठल्या वेळेला वाजेल याचा भरवसा नाही. हातातलं घड्याळ भारतीय वेळेवरच राहू दे आणि सगळ्या वेळा भारतीय वेळेत लिहून द्या. ८ चं विमान म्हणजे आपले साडेदहा. अमेरिकेच्या विमानाला गेटवर बऱ्याचदा पुन्हा तपासणी असते, म्हणून गेटवर आपल्या नऊला. लाउंजमधून उठायचं आपल्या सव्वाआठला. बाबांना रोज पहाटे उठायची सवय असेल तर आपले सव्वाआठ म्हणजे त्यांच्या शरीराला उजाडून गेलेलं असतं. ते स्वतःच जागे होतील बघा.

कलमवाला_देवगड
हा मुद्दा एक नंबर. एक विचारायचं राहिलं, आंबे नेतायत का? अमेरिकेत ताजा हापूस सामानातून नेता येत नाही, विमानतळावर काढून टाकतात. तिकडे जातो तो विकिरण केलेला, निर्यातीच्या परवानगीनेच. २००७ पासून जातोय. माझ्या मामेबहिणीने दोन डझन नेले होते, सगळे कचऱ्याच्या डब्यात. मी कलमं लावतो, मला ते ऐकूनही त्रास झाला.

कर्लीकाठ
आंबे नाही नेत. आई कोकमाचं आगळ नेतेय, एक लिटर.

बाणकोटी
आगळ कुठे ठेवलंय? हातातल्या पिशवीत असेल तर मुंबईतच काढून घेतील, १०० मिलीच्या वरची बाटली चालत नाही. मोठ्या बॅगेत, दोन प्लास्टिक पिशव्यांत घालून, साडीत गुंडाळून. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या कुठल्याच बॅगेत घालू नका. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेणाऱ्या मालात धरतात. आमच्या घरातून तीनदा निघाल्यात.

आजगावचो_झिलगो
खोबरा काढलानी तर कुळथाच्या पिठीक वाटण कसला घालतली?

कलमवाला_देवगड
ह्यूस्टनला खोबरं मिळतं रे. एवढं मोठं शहर आहे.

बाणकोटी
व्हीलचेअर बुक केली का, हे कुणीच विचारलं नाही. मीही आधी नुसतं चालणं विचारून सोडून दिलं. केली नसेल तर आजच एअरलाइनला फोन कर. पायऱ्या चढता येत नसतील तर तसं स्पष्ट सांग, त्यांचे कोड वेगळे असतात, डब्ल्यूसीएचआर (पायऱ्या चढता येतात) आणि डब्ल्यूसीएचएस (चढता येत नाहीत). दोहात ढकलणारा मुलगा आधी मदतीच्या प्रवाशांच्या वेगळ्या जागेत नेऊन बसवेल. तिथेच रात्र काढायची नाही. बोर्डिंग पास दाखवून 'बिझनेस लाउंज' एवढं म्हणायचं, तो वर सोडेल. सोडताना त्याला आणि लाउंजच्या काउंटरला दोघांनाही परत न्यायची वेळ सांगायची. गुडघ्यात धातू असेल तर तपासणीत मशीन वाजतं, डॉक्टरांचं पत्र हाताशी असू दे.

निवांत_गुहागर
कार्डाचं मी मुंबईपुरतं म्हणत होतो. मुंबईत त्यांना लाउंज नाहीच ना, तिथे उपयोगी पडलं असतं.

बाणकोटी
मुंबईपुरतं बरोबर आहे तुझं.

कर्लीकाठ
सगळ्यांचे आभार. व्हीलचेअर झाली, दोन्ही टप्प्यांना. चिठ्ठी केली आहे, वर इंग्रजीत लाउंजच्या काउंटरसाठी: गेट बंद होण्याच्या किती आधी उठवायचं, ताईचा नंबर. खाली मराठीत बाबांसाठी, भारतीय वेळा, मोठ्या अक्षरात. आई म्हणते तिलाही एक हवी, वेगळी.

कर्लीकाठ
पोचली. शनिवारी फोन झाला, आज सविस्तर लिहितो. क्वाएट रूम मिळाली नाही, भरलेली होती. कोपऱ्यातल्या दोन आरामखुर्च्या मिळाल्या. आईने वरण-भातासारखं काहीतरी शोधून खाल्लं आणि शाल पांघरून झोपली. काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी समोर ठेवून घेतली होती आणि ती वेळेवर आलीही. पण त्याआधीच बाबा उठून, शॉवर घेऊन, बूट घालून बसले होते. घड्याळात आठ वाजले होते, आपले. व्हीलचेअरचा मुलगा वीस मिनिटं उशिरा आला, तोवर आईने काउंटरवर दोनदा विचारून घेतलं.

आगळ सांडलं नाही.

मिऱ्याबंदर
बरं वाटलं वाचून. ताईचं कळवा.