हॉलच्या पीसीचं ग्राफिक्स कार्ड: ईबेवर बोली लावू का? (रविवारच्या आत सांगा)

प्रेषक: प्रसाद

नमस्कार मंडळी,

कार्ड शेवटी गेलंच. रंगीत तालमीला ओबीएस (लाइव्ह प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर) चालू केलं आणि पडदाभर हिरव्या-गुलाबी चौकटी. केबल बदलली, मॉनिटर बदलला, तरी तेच. ईबेवर जीटीएक्स १६६० सुपर हे कार्ड लिलावात आहे. बोली ६२ पौंडांवर आहे, रविवारी रात्री ९ ला संपते. विक्रेता खासगी, 'परत घेणार नाही' असं लिहिलंय. मी मेसेज केला तर म्हणतो, ७० पौंड थेट बँकेत टाका, लिलाव आत्ताच बंद करतो. टाकू का? प्रयोग पुढच्या शनिवारी आहे आणि पुण्या-नाशिकची घरची मंडळी लाइव्ह बघायला बसणार आहेत.

प्रेषक: मीनल (खजिनदार)

प्रसाद, बँकेत परस्पर एक पेनीसुद्धा टाकू नकोस. ईबेची मनी बॅक गॅरंटी ईबेवरूनच पैसे भरले तर मिळते. 'परत घेणार नाही' लिहिलेलं असलं तरी वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर ३० दिवसांत तक्रार करता येते. बाहेर व्यवहार केला की तो हक्क गेला. पेपॅलने 'फ्रेंड्स अँड फॅमिली'मधून पाठव म्हणाला तरी नाहीच म्हण, त्यालाही संरक्षण नसतं. लिलाव मोडून बाहेर चल म्हणणाऱ्या माणसाकडून मुळात घ्यावंच का? आणि पावतीशिवाय मी हिशेबात काही धरणार नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

प्रेषक: नितीन

मीनलताईंशी सहमत. आता कार्डाबद्दल.

१६६० सुपर मायनिंगवाल्यांनी (कार्डं सतत चालवून क्रिप्टो चलन कमावणाऱ्यांनी) भरपूर वापरलं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग बंद झालं आणि तशी कार्डं ढिगाने बाजारात आली. मायनिंगचं म्हणून कार्ड वाईटच असं नाही, बरेच जण व्होल्टेज उतरवून चालवायचे. झिजतात ते पंखे, आणि मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता बाहेर नेणाऱ्या मऊ पट्ट्या) सुकतात. म्हणून पंखा फिरतानाचा व्हिडिओ माग, आवाजासकट.

मोठा धोका नकली कार्डाचा. जुन्या जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय कार्डांवर बदललेला बायोस (कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) चढवून तीच १०५० टीआय या नव्या कार्डाच्या नावाने विकतात. विंडोज नाव नवंच दाखवतं, गेम चालू केला की कोसळतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे मागचा निळा व्हीजीए पोर्ट (अ‍ॅनालॉग सिग्नलची जुनी जोडणी). खऱ्या १०५० टीआयच्या चिपमधून अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही, मग तो पोर्ट आला कुठून? जीपीयू-झेडचा (कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) स्क्रीनशॉट माग. नकली असेल तर ते नावाआधी 'फेक' लिहितं. आणि कार्डाशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून फोटो. नेटवरून उचललेले फोटो लावणाऱ्याला हे जमत नाही.

प्रेषक: अरुण

कार्डातलं मला फारसं कळत नाही, रॅमचं मात्र सांगतो. माझ्या भाच्याने लिलावात १६ जीबीची डीडीआर४ पट्टी घेतली, निम्म्या किमतीत. स्लॉटमध्ये बसली व्यवस्थित, पण मशीन उठेना. लेबलवर बारीक अक्षरात 'पीसी४-२४००टी-आर' होतं. शेवटचा 'आर' म्हणजे रजिस्टर्ड, सर्व्हरची मेमरी. घरच्या मदरबोर्डला ती चालत नाही. विक्रेत्याने लेबलचा फोटो टाकला होता, त्यामुळे 'वर्णनाप्रमाणेच आहे' म्हणून मोकळा झाला.

दुसरं असं, की सामानाची खरेदी समितीत ठरायची अशी आपली पद्धत होती. स्पीकरच्या वेळीही हेच लिहिलं होतं मी.

प्रेषक: नितीन

अरुणकाका, स्पीकर समितीनेच ठरवले होते आणि तोवर संक्रांत उलटून गेली होती. पुढच्या शनिवारी प्रयोग आहे.

प्रेषक: शर्वरी

स्पीकरचं राहू द्या. खासगी विक्रेता की व्यावसायिक, हे आधी बघा. इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, कायद्याने व्यावसायिक विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलं तर १४ दिवसांत कारण न देता परत करता येतं, ईबेच्या लिलावातलंसुद्धा. खासगी माणसाला हे बंधन नाही. क्रेडिट कार्डाच्या सेक्शन ७५ वर (कार्ड कंपनीकडेही पैसे परत मागता येण्याच्या नियमावर) विसंबू नका, ते १०० पौंडांच्या वरच्या वस्तूंना आहे आणि मध्ये पेपॅल आलं की बरेचदा तेही लागू होत नाही.

'अनटेस्टेड' लिहिलेलं तर घेऊच नका. ज्याच्याकडे कार्ड आहे त्याला ते पीसीत लावून बघायला कितीसा वेळ लागतो?

प्रसाद, प्रोसेसर इंटेलचाच आहे ना? मग कार्ड काढून मदरबोर्डच्या एचडीएमआयवर चालव. ओबीएसमध्ये क्विकसिंक (प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर व्हिडिओ तयार करायची इंटेलची सोय) निवड, एका कॅमेऱ्याला पुरेल.

प्रेषक: प्रसाद

आय५-९४००एफ आहे. शेवटी 'एफ', म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही. कार्ड लागणारच.

त्या विक्रेत्याला स्क्रीनशॉट आणि तारखेचा फोटो मागितला, उत्तर नाही. बोली लावत नाही. एका व्यावसायिक विक्रेत्याकडे तेच कार्ड ८९ पौंडांना आहे, लिलाव नाही, ९० दिवसांची वॉरंटी, फोटोत सिरीयल नंबर दिसतोय. बुधवारपर्यंत पोचवतो म्हणतो. मीनलताई, अरुणकाका, होकार द्या, आज रात्री ऑर्डर टाकतो.

प्रेषक: अरुण

माझा होकार. समितीच्या पुढच्या बैठकीत नोंद करा.

प्रेषक: मीनल (खजिनदार)

मंजूर. मंडळाच्या कार्डाने भर, पावती मंडळाच्या नावाने घे. पार्सल माझ्या पत्त्यावर मागव, दिवसभर घरी कुणीतरी असतं. खोका उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवू.