मदत हवी आहे : वर्दीशिवाय शोधक श्वानांसोबत काम करता येईल का?

पोलीस, लष्कर वा सीमाशुल्क खात्यात न जाता शोधक श्वानांचा हाताळणारा म्हणून उपजीविका करता येते का, याविषयी अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे. ढेकूण शोधणे, जलवाहिन्यांची गळती हुडकणे, मानवतावादी संस्थांचे भूसुरुंग निर्मूलन आणि वन्यजीव संशोधन ही नागरी क्षेत्रे मला ठाऊक आहेत. त्यांतले शेवटचे मला सर्वाधिक खुणावते. ओर्का देवमाशांच्या समुद्रावर तरंगणाऱ्या विष्ठेचा वास होडीच्या टोकावरचा कुत्रा घेतो, त्याच्या नाकाची दिशा पाहून हाताळणारा सुकाणूवाल्याला वळण सांगतो आणि त्या नमुन्यांतून प्राण्याला न छेडता त्याची संप्रेरके व आहार कळतो, हे वाचल्यापासून दुसरे काही सुचत नाही.

प्रश्न असा, की आधी जीवशास्त्राची पदवी घ्यावी की एखाद्या प्रशिक्षकाच्या हाताखाली उमेदवारी करावी? स्वतःचा कुत्रा असणे आवश्यक असते, की संस्थाच तयार कुत्रा देते? वासशोधाच्या क्रीडास्पर्धांचा अनुभव नोकरीसाठी ग्राह्य धरतात का? काम हंगामी असल्यास उरलेले महिने कसे निभावतात, हेही कृपया स्पष्टपणे सांगावे. कुत्र्यांवरील प्रेमाने (ते आहेच) घरभाडे भागत नाही.